हप्ता बारा महिन्यांचा, पीक एका हंगामाचे

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. ते बोलतीलच. आम्ही एका जुन्या जीपविषयी बोलणार आहोत. जिल्ह्याच्या बैठकीत जीप कुठून आली, असे काही जणांच्या मनात येईल. पण गेल्या चार-पाच वर्षांत आमच्या भागात ज्यांच्या दारात वसुलीची माणसे येऊन उभी राहिली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे कर्ज पिकाचे नव्हते. ते चाकाचे होते. म्हणून हा विषय.

आम्ही तीन भाऊ. एकत्र राहतो, एकत्र खातो. २२ एकर कोरडवाहू जमीन. त्यात १२ एकर कापूस, बाकीच्यात ज्वारी आणि तूर. गाव डांबरी सडकेपासून सात किलोमीटर आत. एसटी दिवसातून दोनदा येते, पावसाळ्यात तीही येईलच असे नाही. दारात २००३ सालची डिझेलची जीप. तिच्यातून बियाणे आले, खताच्या पिशव्या आल्या, वेचणीच्या बाया शेतात गेल्या, पोरे शाळेच्या गाडीपर्यंत गेली आणि आजारी माणसे तालुक्याला गेली.

शहरातला माणूस म्हणतो, शेतकऱ्याच्या दारात मोटार आहे, मग याला भाव कशाला पाहिजे? त्याला आमचे एवढेच सांगणे, की तुमच्या घरापासून दवाखाना किती लांब आहे ते आधी सांगा, मग आमची मोटार मोजा. मोटार ही आमची चैन नाही. सात किलोमीटर चिखल तुडवायचा नसेल तर ती लागते. शेतकऱ्याने गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो कोणत्या पैशाने घ्यावी हा.

आमच्यावर तो प्रश्न आला ऑगस्ट २०२३ मध्ये. देशात १९०१ पासूनच्या नोंदी आहेत, त्यातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. कापूस माना टाकून उभा होता. अशात एका रात्री धाकट्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या आणि जीप ओढ्याच्या अलीकडे बंद पडली. शेजारच्या गावचा एक जण मालवाहू टेम्पो घेऊन आला, त्याच्यातून तिला नेले. बाळ आणि आई दोघेही सुखरूप आहेत. जीप मात्र दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला टोचन करून आणावी लागली.

त्या रात्रीनंतर धाकटा गप्प गप्प असे. दसऱ्याला तो तालुक्याच्या शोरूममधून एक कागद घेऊन आला आणि थोरल्यापुढे ठेवला. म्हणाला, "दादा, मला चैन करायची नाही. पण ती रात्र पुन्हा येऊ द्यायची नाही." त्याला कोणी उत्तर देऊ शकले नाही. कारण तो बरोबर होता.

कागद असा होता. नवी गाडी, रस्त्यावर येईपर्यंत ८ लाख. २ लाख आधी भरायचे, ६ लाख कर्ज. व्याज ९ टक्के, मुदत पाच वर्षे, हप्ता महिन्याला १४,५००. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेले, की सातबारा आणि आधार घेऊन या, चार दिवसांत गाडी न्या.

आमच्या गाठीला तेव्हा ३ लाख होते. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला, त्या साली बाजूला ठेवलेले. तसे साल पुन्हा आले नाही. पुढच्या साली भाव वाढेल म्हणून कापूस घरात ठेवला, तो घरातच पिवळा पडला आणि भाव खालीच उतरत गेला. म्हणजे ते ३ लाख हे एका सालाचे नव्हते, पुढच्या कित्येक सालांचे होते.

घरात दोन तट पडले. धाकटा म्हणे, कर्ज काढू, गाठीचे २ लाख भरू, १ लाख हाती राहील. थोरले म्हणत, कर्ज नको, गाठीच्या पैशात मिळेल ती जुनी घेऊ आणि मोकळे होऊ. मधला दोन्हीकडे मान हलवी. शेवटी दिवाळीत थोरल्या वहिनींनी घराची वही काढली. खर्चाची वही त्यांच्याकडे असते. त्या म्हणाल्या, "भाऊजी, भांडण नंतर करा. आधी वही वाचा." त्या रात्री आम्ही जो हिशेब केला, तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिला हिशेब जीपचा. दुरुस्तीला २०२१ मध्ये १८ हजार लागले, २०२२ मध्ये २६ हजार, २०२३ मध्ये ४१ हजार. या ४१ हजारांत त्या साली झालेले पासिंगही आले. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीची ही फी ६०० वरून ५,००० झाली. वर पर्यावरण कर वेगळा. २० वर्षांवरच्या गाडीची फी २०२५ च्या नियमाने आणखी वाढली आहे. जुनी गाडी ठेवायची तर हा खर्च धरलाच पाहिजे.

धाकटा म्हणाला, बघा, जीप पैसे खाते. खरे होते. पण ती सर्वांत जास्त खाल्ले त्या साली ४१ हजार खात होती. नवी गाडी नुसत्या हप्त्यात साल्याला १ लाख ७४ हजार खाणार होती. विमा वेगळा, सर्व्हिसिंग वेगळे. शिवाय नव्या गाडीची किंमत दारात उभ्या उभ्या उतरते. विमावाल्यांच्या तक्त्यात पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. म्हणजे हप्ते फिटतील त्या दिवशी ८ लाखांची गाडी ४ लाखांची झालेली असेल.

दुसरा हिशेब व्याजाचा. कागदावर ९ टक्के होते. सोसायटीच्या दराशी तुलना केली तर फार वाटत नाही. पण ते व्याज होते फ्लॅट. म्हणजे पाचही वर्षे पुऱ्या ६ लाखांवर व्याज. ६ लाखांचे ९ टक्क्यांनी साल्याचे ५४ हजार, पाच सालांचे २ लाख ७० हजार. एकूण ८ लाख ७० हजार, भागिले ६०, हप्ता १४,५००. त्यातले १० हजार मुद्दल आणि ४,५०० व्याज. आता शेवटचा महिना धरा. मुद्दल उरले फक्त १० हजार, तरी व्याज तेच ४,५००! दहा हजारांवर एका महिन्याला साडेचार हजार व्याज आमच्या गावच्या सावकारानेही कधी घेतले नाही.

हेच ६ लाख बँकेने १० टक्क्यांनी, पण घटत्या शिलकीवर दिले, तर हप्ता साधारण १२,७५० येतो आणि पाच वर्षांचे व्याज १ लाख ६५ हजार होते. दर १० टक्के, तरी व्याज १ लाख ५ हजारांनी कमी. कंपनीचे ९ टक्के घटत्या शिलकीवर मांडले तर पावणेसोळा टक्के पडतात. म्हणून दर किती, हे विचारण्याआधी दर कशावर, हे विचारा.

आता यात एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने असो की वित्त कंपनीने, असे कर्ज देताना मुख्य बाबींचा एक कागद कर्जदाराला त्याला समजेल अशा भाषेत द्यावाच लागतो. त्यात सर्व फी धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो कागद मागा. तो घरी आणून वाचा. वाचल्याशिवाय सही करू नका.

तिसरा हिशेब कापसाचा. २०२३-२४ चा लांब धाग्याचा हमीभाव होता ७,०२० रुपये. साल्याचे १ लाख ७४ हजार म्हणजे जवळजवळ २५ क्विंटल कापूस. आमच्या कोरडवाहूत एकरी ५ क्विंटल धरले तर ५ एकर. धाकटा म्हणाला, मग काय झाले, आपला १२ एकर आहे. तेव्हा वहिनींनी वहीचे दुसरे पान उघडले. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी, वाहतूक. सगळे वजा जाता चांगल्या सालात तिसरा हिस्सा हाती उरतो. म्हणजे हप्त्यासाठी २५ नव्हे, ७५ क्विंटल पिकवावे लागतील. ७५ क्विंटलला १५ एकर लागतात. आणि आमचा सगळा कापूस १२ एकर! हप्ता भरल्यावर घराने खायचे काय, हा प्रश्न पुढचाच.

चौथा हिशेब सर्वांत महत्त्वाचा. तो रकमेचा नाही, तारखांचा आहे. मंडळी, नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, त्याचा हप्ता महिन्याला जातो. त्याचे जमते. आमच्याकडे पैसा येतो दिवाळीनंतर. कापूस, मग तूर, थोडी ज्वारी, मार्चपर्यंत सारे संपते. एप्रिलपासून पैसा जायला लागतो. जूनमध्ये बियाणे, जुलैमध्ये खत, ऑगस्टमध्ये फवारणी. पोळ्याला बैलांच्या झुली घ्यायला घरात पैसा नसतो. त्या महिन्यात १४,५०० कुठून येणार? येतील ते पीककर्जातून नाहीतर सावकाराकडून. सावकाराचे शेकडा ३ म्हणजे साल्याचे ३६ टक्के. आणि पीककर्ज चाकात घातले आणि मुदतीत फिटले नाही, तर वेळेवर फेडणाऱ्याची व्याजसवलत जाते आणि पुढच्या पेरणीचे कर्जही अडते. म्हणजे गाडीचा हप्ता गाडीपुरता राहत नाही. तो शेतात घुसतो.

हे सगळे ऐकूनही धाकट्याचे समाधान झाले नाही. तो म्हणाला, "कागदावर काहीही मांडता येते. पोटाला चिमटा घेऊन आम्ही हप्ता भरू." तेव्हा मधला प्रथमच बोलला. म्हणाला, "मग भरून बघू. एक साल आपलाच हप्ता आपल्यालाच भरू."

तसेच ठरले. जीपच्या ब्रेकचे आणि क्लचचे काम चांगल्या मेस्त्रीकडून करून घेतले. रात्री-बेरात्रीसाठी टेम्पोवाल्याशी आधीच बोलून ठेवले. १०८ नंबरची सरकारी रुग्णवाहिका आहे, तो नंबर भिंतीवर लिहिला. आणि जानेवारी २०२४ पासून बँकेत वेगळे खाते काढून दर महिन्याच्या ५ तारखेला १४,५०० भरायचे, गाडी आणलीच आहे असे समजून.

काय झाले ते वहीतून वाचून दाखवतो. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल पूर्ण. मे महिन्यात ७ हजार. जूनमध्ये काही नाही. जुलैमध्ये काही नाही. ऑगस्टमध्ये ३ हजार. सप्टेंबरमध्ये काही नाही. ऑक्टोबरमध्ये ५ हजार. नोव्हेंबर आणि डिसेंबर पूर्ण. बारापैकी सहा हप्ते पूर्ण भरले. १ लाख ७४ हजारांपैकी १ लाख २ हजार जमले, ७२ हजार थकले. आणि ते साल काही दुष्काळाचे नव्हते.

कंपनीचे कर्ज असते तर पोळ्याच्या आत माणसे दारात आली असती. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली एका बँकेच्या खटल्यात सांगितले आहे, की वसुलीसाठी गुंड पाठवून गाडी ओढून नेता येणार नाही, कायद्यानेच गेले पाहिजे. तो निवाडा लक्षात ठेवा. पण निवाडा हातात धरून हप्ता फिटत नाही. गाडी गेली, भरलेले हप्ते गेले आणि गाव बघत राहिले, हे ज्यांच्या घरात घडले आहे त्यांना विचारा.

आमचे मात्र थकलेले ७२ हजार कोणाचेच देणे नव्हते आणि जमलेले १ लाख २ हजार आमचेच होते. धाकट्याने स्वतः वहीवर बेरीज केली. त्यानंतर त्याने शोरूमचा कागद पुन्हा काढला नाही.

मग गाठीच्या ३ लाखांचे काय? तेही सगळे गाडीत घालायचे का? थोरले तसे म्हणत होते. तिथे वहिनींनी त्यांनाही अडवले. म्हणाल्या, "हा पैसा नुसता पडलेला नाही. तो राखणीला बसला आहे." एका पेरणीचा खर्च आणि मोठ्या आजारपणाची सोय एवढा पैसा कशासाठीही हलवायचा नाही, असे ठरले. आमच्यासाठी तो आकडा दीड लाख निघाला. तुमचा वेगळा निघेल, पण तो काढा. आणि हा राखीव पैसा जादा व्याजाच्या आशेने कुठेही ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.

उरलेले दीड लाख, खात्यातले १ लाख २ हजार आणि २०२५ च्या जानेवारी ते मार्चचे तीन हप्ते ४३,५००. जीप ७० हजारांना गेली. सगळे मिळून ३ लाख ६५ हजार ५०० झाले. एप्रिल २०२५ मध्ये २०१७ सालची, सात माणसांची, एका हाताने वापरलेली गाडी ४ लाख ६० हजारांना घेतली. घेताना मेस्त्री बरोबर नेला. चेसिसचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला. आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा बुकावरून उतरला आहे ना, विमा चालू आहे ना, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, हे पाहूनच पैसे दिले.

कमी पडले ९४,५००. त्यासाठी दीड लाखाची ठेव मोडली नाही, तिच्यावर बँकेतून ९५ हजार उचलले. ठेवीच्या व्याजापेक्षा थोडेसे जास्त व्याज आणि महिन्याचा हप्ता नाही, कापूस आला की भरायचे. वहिनींना हेही पसंत नव्हते. त्या म्हणाल्या, राखणदारालाच गहाण ठेवले की. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ३ लाख ६० हजारांतली गाडी घेतली असती तर हेही टळले असते. पण ती पाच माणसांची होती आणि आमच्या घरात माणसे अकरा.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पाण्याने शेते धुऊन नेली. आमचाही कापूस निम्म्यावर आला. डिसेंबरमध्ये ९५ हजारांपैकी ४० हजारच भरता आले. ५५ हजार उरले, त्यावर व्याज चालू आहे. पण त्या सप्टेंबरात आमच्या दारात कोणी आले नाही. कंपनीचे ६ लाख असते तर काय झाले असते, ते त्या महिन्यात आमच्या घरात कोणी बोलून दाखवले नाही. बोलायची गरजच नव्हती.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा अधिभारही गेला. नव्या गाड्या उतरल्या, तसे जुन्यांचे भावही उतरले. सहा महिने थांबलो असतो तर थोडे वाचले असते. शेतकऱ्याला घेतानाही चुकतो आणि विकतानाही चुकतो. पण स्वतःच्या पैशाने केलेली चूक सोसता येते.

आता कोणी म्हणेल, म्हणजे कर्ज काढूच नका असे सांगता काय? नाही. कर्ज वाईट नाही, अवेळी हप्ता वाईट आहे. ज्याची गाडी रोज दूध वाहते, भाडे मारते, तिचा पैसा रोज येतो, त्याने महिन्याचा हप्ता जरूर घ्यावा. घरात कोणी पगारदार असेल तर त्याच्या पगारावर घ्यावा. ट्रॅक्टरचे कर्ज बँका पिकाच्या सुमाराने सहामाही हप्त्यांवर देतात, त्याच्याशी मोटारीच्या कर्जाची गल्लत करू नका. आणि जुन्या गाडीचे ब्रेक लागत नसतील, खालचा सांगाडा गंजून गेला असेल, तर हिशेबासाठी तिच्यात पोरे बसवू नका. ती आजच उभी करा.

घरी गेल्यावर वहीत चार ओळी लिहा. जुनी गाडी साल्याला किती खाते? नवी सगळे धरून किती खाईल? जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांचा हप्ता कोणत्या पैशातून जाईल? आणि एक पीक पूर्ण बुडाले तर काय विकावे लागेल? तिसऱ्या ओळीपुढे काही लिहिता आले नाही, तर कागद शोरूमला परत द्या. आणि एक साल आपला हप्ता आपल्यालाच भरून पाहा. चुकला तर दंड नाही, जमला तर गाडी अर्धी आपलीच झाली.

आणि हा हिशेब पुरुषांनी बाहेर ओट्यावर बसून करू नका. वही जिच्याकडे आहे तिला बोलवा. आमच्या घरात ती उशिरा बोलावली गेली, तरी वेळेवर आली.

एवढेच सांगायचे होते.